'पूर्वा', 'सद्गुरू कृपा' आणि बाकीचे: समुद्रात माणसं वाचवणाऱ्या खलाशांचा मान कुणी करायचा?

उधाण (धागाकर्ता)

१८ डिसेंबर २०२४ ची दुपार इथल्या बहुतेकांना आठवत असेल. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट येऊन आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालली होती आणि ताबा सुटला. नीलकमलला परवानगी ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांची, वर माणसं शंभराहून जास्त. एकूण १५ जीव गेले. जबाबदारी कुणाची, लाईफजॅकेटं अंगावर का नव्हती, एवढी माणसं का भरली, यावर इथे आधीच रणं माजून झाली आहेत. तो विषय या धाग्यात नको, ही विनंती.

मला बोलायचंय ते धडकेनंतरच्या अर्ध्या-पाऊण तासाबद्दल. नौदल आलं, तटरक्षक आले, सागरी पोलीस आले, हेलिकॉप्टरं आली. पण बुडत्या बोटीपाशी अगदी आधी पोचलेल्यांत 'पूर्वा' नावाची बंदराची पायलट बोट होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजावर पायलट (जहाजाला बंदरातली वाट दाखवणारा) चढवायचा आणि बाहेर जाणाऱ्या जहाजावरून उतरवून घ्यायचा, एवढंच या बोटीचं रोजचं काम. बोट दणकट, बाजूंना जाड रबर, डेक पाण्यापासून फार उंच नाही. माणूस पाण्यातून वर ओढायला नेमकं हेच लागतं. वर मोजकेच कर्मचारी. त्यांनी पन्नासहून जास्त लोक वर घेतले. त्यात एक तीन-साडेतीन वर्षांची मुलगी होती, नाकातोंडात पाणी गेलेली, निपचित. बोटीच्या चालकाने छाती दाबून दाबून तिचा श्वास परत आणला. सीआयएसएफच्या गस्ती बोटीवरच्या जवानांनी तर पोराबाळांना पाण्यात सोडायच्या बेतात असलेल्या आईबापांना ओरडून थांबवलं आणि आधी मुलं उचलून घेतली.

याच्या आधीचं उदाहरण १४ मार्च २०२० चं. गेटवेहून मांडव्याला जाणारी 'अजंठा' मांडव्याजवळ येऊन कलंडली. वर ८८ प्रवासी. गस्तीवर असलेली पोलिसांची 'सद्गुरू कृपा' जवळच होती, ती लगेच बाजूला लागली. सगळे ८८ वाचले. एकही माणूस गेला नाही म्हणून ती बातमी आठवड्याभरात संपली, वर करोनाही येऊन ठेपला होता.

आता मुद्दा. टायटॅनिकच्या वेळी 'कार्पेथिया' धावून गेली, सातशेच्या वर माणसं तिने उचलली. कप्तान रॉस्ट्रन यांना अमेरिकी काँग्रेसचं सुवर्णपदक मिळालं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण वाचलेल्या प्रवाशांनी पैसे गोळा करून कार्पेथियाच्या सगळ्या खलाशांना पदकं दिली होती. वरच्या अधिकाऱ्यांना सोन्याची, मधल्यांना चांदीची, बाकीच्यांना कांस्याची. भट्टीत कोळसा टाकणाऱ्यालासुद्धा. आणि ते योग्यच होतं, कारण त्या रात्री प्रवाशांचं गरम पाणी आणि खोल्यांची ऊब बंद करून सगळी वाफ इंजिनाला दिली म्हणून साडेचौदा नॉट्सचं (म्हणजे ताशी तितके सागरी मैल) जहाज सतराच्या आसपास पळालं. ते पळवलं कप्तानाने, पण खाली उतरून कोळसा काही त्याने टाकला नव्हता.

माझं म्हणणं असं की समुद्रातल्या बचावाचा मान अख्ख्या बोटीचा असावा. चालक, इंजिनवाला, दोर फेकणारा, ओणवं होऊन हात देणारा, सगळ्यांचा, आणि नावासकट. आपल्याकडे हे कसं घडवून आणता येईल? अनुभवी लोकांनी लिहा.

नाखवा_उरण

चांगला विषय काढलात. आमच्याकडे आषाढी अमावास्या आली की म्हातारी माणसं अजून 'रामदास'चं काढतात. १७ जुलै १९४७, गटारी. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठला सुटलेली बोट रेवसला जायची होती, काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबईत कुणाला पत्ताच नाही. एक बारा वर्षांचा पोर बोयाला धरून तरंगत संध्याकाळी गेटवेला लागला तेव्हा शहराला कळलं.

पण पाण्यात कळलं होतं. रेवसच्या कोळ्यांच्या होड्या ताजी मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या. त्यांनी मासळी दर्यात ओतली आणि माणसं भरली. पंचाहत्तर जण त्यांच्यामुळे जगले असं सांगतात. पावसाळ्यातली मासळी म्हणजे घरातलं सोनं हो. दर्यावरच्या माणसाला कुणी विचारत बसत नाही की तू आधी पोचलास की नौदल. जो जवळ असतो तो पोचतो. आणि जवळ बहुतेक आम्हीच असतो.

चहाबाज

भावना पोचल्या. पण थोडं उलट बाजूने. पायलट बोटीवरचा माणूस पगारी, बंदराचा कर्मचारी. पोलीस तर पोलीसच. आपापलं काम चोख केलं म्हणून पदक द्यायचं ठरवलं तर उद्या वेळेवर लोकल आणणाऱ्या मोटरमनलाही द्या. सत्कारांचं पीक आपल्याकडे काय कमी आहे? शाल, श्रीफळ, मंचावर नगरसेवक, फोटो, संपलं. ज्याचा सत्कार त्याला मागच्या रांगेत उभं करतात.

सेकंडमेट_निवृत्त

@चहाबाज, पगार कशाचा मिळतो ते बघा. पायलट बोटीच्या सारंगाला (चालकाला) पायलट ने-आण करायचा पगार मिळतो. पन्नास घाबरलेली माणसं एका बाजूने एकदम चढायला लागली की आपलीच बोट कलंडू शकते, आणि ते सांभाळत त्यांना वर घ्यायचं हे त्याच्या कामाच्या यादीत कुठे नसतं.

कायद्याने मात्र मदतीला जाणं बंधनकारक आहे, हे खरं. सोलास या समुद्रातल्या जीवरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारातलं पाचव्या प्रकरणातलं ३३ वं कलम सांगतं की संकटाची खबर मिळाली की मदत करण्याजोग्या जागी असलेल्या प्रत्येक जहाजाच्या कप्तानाने शक्य तितक्या वेगाने तिकडे जायचं. जाता येत नसेल तर कारण लॉगबुकात लिहायचं. पण 'जायचं' आणि 'वर घ्यायचं' यांत फार मोठं अंतर असतं. लोकांना वाटतं मोठं जहाज आलं की सुटलो. उलट, मोठं जहाज बचावाला सगळ्यात अडचणीचं. भरलेला टँकर इंजिन बंद केल्यावरही कित्येक किलोमीटर पुढे जात राहतो. रिकामा असेल तर बाजूची भिंत तीन-चार मजली उंच. खाली होडी आठ मीटर वर-खाली होतेय, वरून शिडी सोडलीय, आणि होडी त्या लोखंडावर आपटली तर वाचवायला आलेलं जहाजच माणसं मारेल.

म्हणून आधी 'ली' करावी लागते. जहाज वाऱ्याला आडवं धरायचं, म्हणजे आडोशाच्या बाजूला पाणी जरा बसतं. मग होडी त्या बाजूला घ्यायची. जहाज स्वतः वाऱ्याने होडीवर सरकत असतं, ते सांभाळायचं. हे सगळं ब्रिजवरून एकाच्या डोक्यात चाललेलं असतं, पण डेकवर भिजत उभे असलेले आठ-दहा जण नसतील तर त्या डोक्याचा काही उपयोग नाही.

आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण कॅप्टन राधिका मेनन यांचं. जून २०१५, ओडिशात गोपाळपूरच्या किनाऱ्यापासून दूर. शिपिंग कॉर्पोरेशनचा टँकर 'संपूर्ण स्वराज्य'. 'दुर्गम्मा' नावाची मासेमारी होडी इंजिन बंद पडून, नांगर तुटून भरकटलेली, वर सात जण. अन्नपाणी वाहून गेलेलं, मासळीच्या बर्फावर जगत होते. वारा ६० नॉट्सच्या वर, लाटा पंचवीस फुटी. पहिला प्रयत्न फसला, दुसरा फसला, तिसऱ्या वेळी पायलट शिडीवरून सातही जण वर आले. २०१६ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं असामान्य शौर्याचं पारितोषिक त्यांना मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. तेव्हाही त्यांनी खलाशांच्या टीमचं श्रेय आवर्जून सांगितलं होतं.

तिखटजाळ

+१. सेकंडमेट, असेच लिहीत राहा. 'ली' पहिल्यांदाच कळलं.

वकीलबाई

यात एक गंमत आहे, म्हणजे गंमत म्हणवत नाही. समुद्रात बुडणारं जहाज किंवा माल कुणी वाचवला तर त्याला वाचवलेल्या किमतीच्या प्रमाणात मोबदला मिळतो. शेकडो वर्षांचा कायदा आहे तो, त्यावर मोठमोठे खटले चालतात. पण नुसती माणसं वाचवली तर? १९८९ च्या आंतरराष्ट्रीय तारण कराराचं १६ वं कलम स्पष्ट म्हणतं की वाचलेल्या माणसाकडून कुठलाही मोबदला देय नाही. फक्त त्याच वेळी कुणी जहाज-मालही वाचवला असेल तर त्याच्या मोबदल्यात माणसं वाचवणाऱ्याला वाजवी वाटा मिळतो. माणुसकीच्या नजरेने हे बरोबरच आहे, बुडणाऱ्याला बिल कोण देणार? पण परिणाम असा की कंटेनर ओढून आणणाऱ्या टगला (जहाजं ओढणाऱ्या बोटीला) पैसे आणि मासळी ओतून माणसं भरणाऱ्या नाखव्याला रिकामी होडी. म्हणून सन्मानाचा प्रश्न चहाबाज म्हणतात तेवढा हलका नाही. मोबदला द्यायचा नाही असं ठरवलं असेल तर मान तरी नीट द्यायला हवा.

दुसरा मुद्दा जीवन रक्षा पदकाचा. १९६१ पासूनचं पदक आहे, तीन पायऱ्या: सर्वोत्तम, उत्तम आणि नुसतं जीवन रक्षा पदक. बुडण्यापासून वाचवणं हा त्याचा अगदी नेहमीचा विषय. सेनादलं, पोलीस, अग्निशमन यांतल्यांना ते मिळू शकतं, पण कर्तव्याबाहेर काही केलं असेल तरच. आता 'सद्गुरू कृपा'सारख्या बोटीवर पोलीसही असतो आणि खलाशीही. दोघांनी एकाच माणसाचा एकेक हात धरून त्याला वर घेतला तरी एकाचा कागद गृहखात्याच्या एका खिडकीत जाणार, दुसऱ्याचा दुसऱ्याच. उधाण म्हणतात तसा 'अख्ख्या बोटीचा मान' आपल्या पदकांच्या रचनेत बसतच नाही.

चहाबाज

हे वाचून थोडा मवाळ झालो. तरी माझा आक्षेप पदकाला नाही, सोहळ्याला आहे.

लीड्सची_लेक

इथे इंग्लंडात आरएनएलआय नावाची संस्था आहे, १८२४ पासूनची. सरकारी नाही, देणग्यांवर चालते, आणि बोटीवर जाणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक. शिक्षक, गवंडी, दुकानदार, मच्छीमार. पेजर वाजला की हातातलं टाकून पळतात. त्यांची स्वतःची पदकं आहेत आणि ती भराभर वाटत नाहीत. क्रोमर गावचे हेन्री ब्लॉग हे खेकडे पकडणारे गृहस्थ, त्यांना तीन सुवर्ण आणि चार रौप्यपदकं मिळाली होती. ३८ वर्षं ते बोटीचे प्रमुख होते, ८७३ जीव वाचवल्याची नोंद आहे. क्रोमरला त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे, मी नवऱ्याबरोबर गेले होते. समोर समुद्र, आत जुनी लाकडी बोट, आणि भिंतीवर प्रत्येक फेरीची पाटी: तारीख, जहाजाचं नाव, वाचवलेल्यांची संख्या.

१९८१ च्या डिसेंबरात कॉर्नवॉलमधल्या पेनली केंद्राची बोट 'युनियन स्टार' जहाजावरच्या माणसांना वाचवायला गेली आणि आठही स्वयंसेवक गेले. सगळे एकाच छोट्या गावचे. दुसऱ्याच दिवशी त्याच गावातून नवी टोळी उभी राहण्याइतके लोक पुढे आले. लोकांनी कुटुंबांसाठी पैसे जमवले तेव्हा सरकारला त्यावर कर लावायची बुद्धी झाली होती. लोक असे खवळले की मागे घ्यावं लागलं. म्हणजे दरबारी कारभार तिथेही तसाच, फक्त गाव मागे उभं राहतं.

मधली_पाळी

मी परिचारिका आहे, किनाऱ्याजवळच्या एका रुग्णालयात. या चर्चेत एक दुवा सुटतोय. पाण्यातून काढलेला माणूस जेट्टीवर आला म्हणजे वाचला असं नसतं. पोटात-फुप्फुसात पाणी गेलेलं असतं, वरून बरा दिसणारा दोन-चार तासांनी घुसमटतो. लहान मुलांचं तर पटकन बिघडतं. अशा दिवशी जेट्टीवर कोण कुठल्या रुग्णालयात गेला याची यादी करणारा जो असतो ना, बहुतेक वेळा बंदराचाच एखादा साधा कर्मचारी किंवा पोलीस शिपाई, त्याच्यामुळे नातेवाइकांना माणसं सापडतात. आई एका वॉर्डात, मूल दुसऱ्या शहरात, असं होतं. त्या यादीवाल्याला कोण पदक देणार? रुग्णवाहिकेच्या चालकाला? मला वाटतं मानाची साखळी जेट्टीपर्यंत येऊन थांबू नये.

आणि @सेकंडमेट, बराच वेळ पाण्यात राहिलेल्या माणसाला उभाच्या उभा वर खेचला तर त्याचा रक्तदाब एकदम कोसळू शकतो. शक्य असेल तेव्हा आडवा घ्यायचा. हे आम्हाला शिकवतात, पण होडीवाल्यांना कुणी शिकवतं का?

सेकंडमेट_निवृत्त

व्यापारी जहाजांवर शिकवतात. होडीवाल्यांना ठराविक शिबिरांत शिकवलं तर, एरवी नाही. मुद्दा एकदम बरोबर.

वाराफिरला

तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी आमच्या नात्यातला एक मुलगा बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रातल्या एका पुरवठा जहाजावर होता, म्हणून लिहितोय.

१७ मे २०२१. 'पी-३०५' या राहत्या बार्जचे नांगर तुटले, ती तेलविहिरीच्या एका निर्मनुष्य फलाटावर आदळली, भोक पडलं, संध्याकाळी बुडाली. वर २६१ माणसं. वेल्डर, रंगारी, फिटर, स्वयंपाकी. 'वरप्रदा' टग वेगळी बुडाली, तिच्यावर १३. मिळून १८८ वाचले, ८६ गेले. नौदलाची 'कोची', 'कोलकाता' आणि इतर जहाजं रात्रभर तिथे होती आणि त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. पण त्यांच्याबरोबर 'एनर्जी स्टार', 'ग्रेटशिप अहल्या' अशी नागरी पुरवठा जहाजंही होती, हे किती जणांच्या लक्षात आहे? या जहाजांचं रोजचं काम म्हणजे फलाटांना पाणी, डिझेल, पाईप, भाजी पोचवणं.

आमचा मुलगा जास्त बोलत नाही. एवढंच म्हणाला की लाईफजॅकेटचा दिवा दिसायचा, लाट यायची, दिवा जायचा, आणि पुन्हा दिसेपर्यंत सगळे एकाच दिशेला बोट दाखवून उभे असायचे. ते बोट खाली करायचं नसतं म्हणे. नजर हलली की माणूस हरवला. नंतरचे दोन दिवस त्यांनी जे उचललं ते जिवंत नव्हतं. करार संपल्यावर तो घरी आला, महिनाभर रात्री दिवा बंद करू द्यायचा नाही. ज्या कंपनीत होता तिथून कुणी विचारलं नाही, पुढच्या करारावर सही करणार का, हाच फोन आला. त्याला पदक नकोय. कुणीतरी, 'बाळा, झोप लागते का,' एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं.

तिखटजाळ

वाचून काही सुचेना.

मधली_पाळी

@वाराफिरला, त्याला आता कसं आहे? तुमच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असेलच. इतकी वर्षं झाली तरी जाऊन फायदा होतो. तो नको म्हणाला तरी एकदा सोबत जा.

वाराफिरला

बरा आहे. पुन्हा बोटीवर जातो. तुमचं म्हणणं सांगतो त्याला.

कोचीकर_मराठी

मी नोकरीनिमित्त कोचीत. जहाज नव्हतं, पूर होता, तरी सांगतो, कारण मान कसा करावा याचं उदाहरण इथे पाहिलंय. २०१८ च्या पुरात मच्छीमारांनी होड्या ट्रकवर चढवून आतल्या गावांत नेल्या. सरकारी आकडा ६६९ होड्या आणि ६५,००० माणसांचा आहे. मुख्यमंत्र्यांनी जाहीर सत्कार केला, 'केरळचं स्वतःचं सैन्य' म्हणाले. दिवसाला तीन हजार रुपये, इंधन आणि तुटलेल्या होडीची दुरुस्ती जाहीर झाली. बऱ्याच जणांनी पैसे नाकारले, माणसं वाचवायचे पैसे घेत नाही म्हणाले. पण होडी दुरुस्त करून घेतली. मला वाटतं पुढचं पाऊल सगळ्यात चांगलं होतं: मच्छीमार कुटुंबांतल्या तरुणांची किनारी पोलिसांत खास भरती केली. कायम पगार, आणि ज्यांना पाणी कळतं तेच पाण्यावर.

नाखवा_उरण

हे खरं काम. आमच्याकडे सागरी पोलिसांच्या बोटीवर कधी कधी असा शिपाई येतो की उधाणात दोन तास उलट्याच करत बसतो. त्याचा दोष नाही, साताऱ्याचा पोरगा तो. आमच्या पोरांना घ्या की.

चहाबाज

साताऱ्याच्या पोरांवर घसरू नका, मी कऱ्हाडचा आहे. :) मुद्दा मान्य.

ओहोटी

इतका वेळ नुसती वाचत होते. वेगळी बाजू मांडते. सगळेच बचाव करणारे नावाजले जात नाहीत, काहींना त्रास दिला जातो. २००१ साली 'टॅम्पा' या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने ख्रिसमस बेटाजवळ बुडायला आलेल्या लाकडी बोटीवरच्या ४३८ लोकांना वर घेतलं, बहुतेक अफगाण निर्वासित. २७ खलाशांचं जहाज ते. ऑस्ट्रेलियाने किनाऱ्याला लागू दिलं नाही, वर सशस्त्र सैनिक चढवले. कप्तान आर्ने रिनन ठाम राहिले. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने नॅन्सेन पुरस्कार दिला तो कप्तान, खलाशी आणि मालक कंपनी यांना मिळून. उधाण म्हणतात तसा अख्ख्या बोटीला. आणि कंपनीलाही दिला ते मला विशेष वाटतं, कारण दिवसाला लाखोंचं भाडं बुडत असताना कप्तानाच्या पाठीशी उभं राहणं हेही काही लहान काम नाही. कुठल्या बंदरात उतरवायचं हे ठरत नाही म्हणून जहाजं वाट बदलून जातात अशी कुजबुज दर्यावर असतेच. सेकंडमेट सांगतील.

सेकंडमेट_निवृत्त

कुजबुज आहे. मी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांतला एकही कप्तान तसा नव्हता, पण 'दिसलंच नाही' असं म्हणणारे असू शकतात. वाट बदलल्याचा खर्च जहाजमालकांच्या विम्याच्या क्लबकडून मिळतो, भाडेकरारातही जीव वाचवायला वाट बदलायची मुभा असते. तरीही किनाऱ्यावरच्या कचेरीतून दर तासाला 'किती वेळ लागेल' असा फोन येतो तेव्हा माणूस एकटा पडतो.

अख्ख्या बोटीला मान, याचं ताजं भारतीय उदाहरण 'मार्लिन लुआंडा' या टँकरचं. जानेवारी २०२४, एडनच्या आखातात क्षेपणास्त्र लागलं, पोटात नाफ्था हे ज्वालाग्राही तेल, टाकीला आग. वर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी. कुणी पळालं नाही, 'आयएनएस विशाखापट्टणम'ची तुकडी मदतीला चढली आणि आग विझली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं २०२४ चं शौर्य पारितोषिक कप्तान अविलाश रावत आणि त्यांच्या खलाशांना मिळालं, नौदलाच्या जहाजालाही प्रशस्तिपत्र. म्हणजे आंतरराष्ट्रीय पातळीवर ही रीत आता रुळलीय.

उधाण (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. आता कामाचं बोलू. वकीलबाई, सामान्य माणसाला काय करता येतं?

वकीलबाई

जीवन रक्षा पदकाची शिफारस राज्य सरकार किंवा केंद्रातलं मंत्रालय करतं. मच्छीमार किंवा खाजगी बोटीवरचा खलाशी असेल तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्याकडे. बंदराचा कर्मचारी असेल तर बंदर प्राधिकरणामार्फत बंदरे व जहाजवाहतूक मंत्रालयाकडेही जाता येईल. घटनेला दोन वर्षं उलटली की प्रकरण घेत नाहीत, त्यामुळे रेंगाळू नका. वाचलेल्यांचे जबाब, पोलिसांचा अहवाल, वैद्यकीय कागद लावायचे. व्हिडिओ असेल तर उत्तम.

दुसरी वाट तटरक्षक दलाची. राष्ट्रीय सागरी शोध व बचाव मंडळाचे अध्यक्ष तटरक्षक दलाचे महासंचालक असतात. त्या मंडळाचे वेगळे पुरस्कार आहेत, त्यांत व्यापारी जहाजं आणि मासेमारी होड्या असे स्वतंत्र गट आहेत. म्हणजे बोटीला पुरस्कार, उधाण यांना हवा तसा. मच्छीमार सोसायट्यांनी हे लक्षात ठेवलं पाहिजे, कारण संकटाची खबर १५५४ वर दिली आणि ती मुंबईच्या समन्वय केंद्रात नोंदली गेली की पुरावा आपोआप तयार होतो. फोनच केला नाही, नुसती माणसं आणून धक्क्यावर सोडली, की कागदावर काही घडलेलंच नसतं.

नाखवा_उरण

आमची पोरं नेमकं तेच करतात. आणून सोडतात, चहा पितात, परत जातात. नोंद वगैरे डोक्यात येत नाही. आणि खरं सांगू, काही जण मुद्दाम टाळतात. जबाबाला बोलावतील, दोन दिवस ठाण्यात, होडीचे कागद बघतील, परवाना एक महिना उशिरा नूतनीकरण केला म्हणून दंड. मदत करायची आणि वर भुर्दंड. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला आता कायद्याचं संरक्षण आहे ना? दर्यावरच्यालाही तसंच स्पष्ट लिहून द्या. पदकाच्या आधी ते द्या.

चहाबाज

हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवा.

वकीलबाई

@नाखवा_उरण, रस्त्यावरच्या भल्या माणसाला संरक्षण मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने मिळालं, १३४-अ कलम. जबाब देणं त्याच्या इच्छेवर, नाव सांगायची सक्ती नाही. समुद्रासाठी तशीच मागणी मच्छीमार सोसायटीच्या ठरावाने सुरू करता येईल. मसुदा मी लिहून देते, फुकट. तुम्ही भाषा तपासा, तुमच्याकडचे शब्द घाला.

लीड्सची_लेक

आणि धक्क्यावर एक साधी फळा-पाटी लावा ना. तारीख, होडीचं नाव, किती माणसं. पैसे मी पाठवते.

नाखवा_उरण

पाटी लावू. पण खलाशांची नावं घालायची तर आधी सोसायटीत तासभर भांडण होणार, कुणाचं वर कुणाचं खाली म्हणून. तेवढी तयारी ठेवा.

उधाण (धागाकर्ता)

वर्णमालेप्रमाणे घाला, भांडण मिटेल. मसुद्यासाठी कधी भेटायचं? मला शनिवार-रविवार चालेल.

नाखवा_उरण

या रविवारी नको, उधाण आहे, होड्या बाहेर असतील. पुढच्या आठवड्यात भांग (उधाणाच्या उलट, कमी भरतीचे दिवस) लागला की सगळे घरी सापडतील. सकाळी दहाला सोसायटीच्या कचेरीत या. वकीलबाईंना सांगा, झेरॉक्सचं दुकान बाजूलाच आहे, पण वीज गेली की बंद असतं, तेव्हा प्रती तिकडूनच काढून आणा.